मिनिटाला दोन ठोके, मिनिटाला दीड हजार

२९ नोव्हेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजान शहराच्या आकाशात एका प्रवासी विमानाच्या इंजिनाला काहीतरी येऊन धडकलं. इंजिन बंद करावं लागलं, पण विमान सुखरूप उतरलं. इंजिनात पिसं सापडली. तज्ज्ञांनी ती तपासली आणि निदान केलं, रुपेलचं गिधाड. विमान त्या वेळी ११,३०० मीटर उंचीवर होतं. म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याच्याही जवळजवळ अडीच किलोमीटर वर.

एवढ्या उंचीवर तापमान शून्याखाली पन्नास अंशांहून खाली असतं आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक पंचमांशाच्या जरासा वर. विमानातला एखादा प्रवासी त्या हवेत उघडा पडला तर त्याची शुद्ध मिनिटभरही टिकणार नाही. गिधाड मात्र त्याच हवेत श्वास घेत, पंख पसरून तरंगत होतं.

उंचीवर ऑक्सिजन ‘विरळ’ होतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण अलिबागच्या किनाऱ्यावर २१ टक्के असतं आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. कमी होतो तो दाब. १९८१ साली अमेरिकी संशोधकांच्या एका मोहिमेनं एव्हरेस्टच्या माथ्यावर वायुभारमापक नेला, तेव्हा आकडा आला २५३ मिलिमीटर पारा. समुद्रसपाटीला तो ७६० असतो. दाब एक तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासातून हाती लागणारा ऑक्सिजनही एक तृतीयांश. प्राण्यांच्या शरीरांनी परिसराशी जुळवून घेण्यासाठी जे जे केलं आहे, त्यात मला सर्वांत थक्क करतो तो या एका वायूचा हिशेब. किती मिळवायचा, कसा वाहून न्यायचा, किती साठवायचा आणि खर्च कुठे थांबवायचा.

आधी आपलाच हिशेब पाहू. स्वस्थ बसून वाचणारा माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च करतो, दिवसाला ३६० लिटर. शरीरात शिल्लक किती? फुप्फुसं, रक्त आणि स्नायू मिळून जेमतेम दीड लिटर. सरळ भागाकार केला तर सहा मिनिटांचा साठा. प्रत्यक्षात तेवढा वेळही मिळत नाही, कारण शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला मेंदू एकटा वीस टक्के ऑक्सिजन घेतो, आणि पुरवठा तुटला की चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. वर्षानुवर्षं सराव केलेल्या पाणबुड्यांमध्ये, आधी शुद्ध ऑक्सिजन न घेता पाण्यात निश्चल राहून श्वास रोखण्याचा २००९ सालचा विक्रम ११ मिनिटं ३५ सेकंदांचा आहे.

एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर आपण जगतो ते अखंड वाहतुकीच्या जोरावर. फुप्फुसात सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. रक्तात लाल पेशी किती, तर सुमारे २५ लाख कोटी. प्रत्येक लाल पेशीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू, आणि त्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार रेणूंना जागा. म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक पेशी एका फेरीत शंभर कोटींहून जास्त रेणू उचलते. बसल्या जागी अशी एक फेरी साधारण मिनिटभरात पूर्ण होते. चार महिने अशा फेऱ्या मारून पेशी झिजते, आणि तिची जागा भरायला हाडांतला मगज दर सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या पेशी तयार करत राहतो.

हिमोग्लोबिनला मी चार सीटची रिक्षा म्हणेन. प्रवासी पटकन घेणं तिला जमलं पाहिजे, तसंच ठिकाण आलं की सोडणंही. ऑक्सिजन फार घट्ट धरला तर स्नायूंपर्यंत पोचूनही तो सुटणार नाही, आणि सैल धरला तर विरळ हवेत तो चढणारच नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या घट्ट-सैलपणाशी कुठे ना कुठे जोडलेल्या आहेत.

महाराष्ट्रातल्या पक्षीप्रेमींना यातला एक नायक चांगला ओळखीचा आहे. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर, जायकवाडीला, नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात पट्टकादंब येतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, पिवळट चोच आणि केशरी पाय, वजन दोन ते तीन किलो. थवा काठावर चरत असतो, होडी जवळ गेली की माना वर होतात. हा पक्षी अंडी घालतो तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर. भारतात उतरायचं आणि वसंतात परत जायचं, तर मधे हिमालय आहे.

हे कादंब एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात, अशी गोष्ट १९५३ च्या मोहिमेपासून गिर्यारोहकांत सांगितली जाते. पुढे संशोधकांनी पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. नोंदलेली सर्वांत जास्त उंची निघाली ७,२९० मीटर, आणि बहुतेक प्रवास ५,५०० मीटरच्या खालीच. दंतकथेपेक्षा आकडा लहान निघाला. पण मला दंतकथेपेक्षा या नोंदीच मोठ्या वाटतात, कारण पक्षी काय करतो ते त्यांतून दिसतं. वसंतात भारताच्या सखल भागातून निघालेला कादंब सात-आठ तासांत हिमालय चढून जातो. माणसाला तेवढ्या उंचीसाठी ठिकठिकाणी मुक्काम करत, शरीराला सवय लावत आठवडे घालवावे लागतात. कादंब वाऱ्याच्या पाठबळावरही फारसा विसंबत नाही. तो रात्री आणि पहाटे उडतो, कारण थंड हवा जास्त दाट असते. दाट हवेत पंखाला आधार मिळतो आणि श्वासात ऑक्सिजनही जास्त येतो.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर पक्ष्यांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं होती. एकदा चढलेली उंची कादंब राखून ठेवत असेल, असा कोणाचाही अंदाज असता. नोंदी उलट निघाल्या. डोंगर उंचावला की तो वर जातो, दरी आली की तिच्यात खाली उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. कष्टानं मिळवलेली उंची तो पुन्हापुन्हा सोडून देतो, कारण विरळ हवेत सरळ रेषेत उडत राहणं त्याहून महाग पडतं. पंखांची गती अवघी पाच टक्के वाढली तर हृदयाचे ठोके जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढतात, इतका हा हिशेब काटेकोर आहे.

या पक्ष्याच्या रक्तात काय घडतं ते पाहायला जेसिका मायर नावाच्या संशोधिकेनं कॅनडात व्हँकुव्हरला एक अवघड काम हाती घेतलं. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लं जो पहिल्यांदा दिसतो त्याच्या मागे जातात, म्हणून तिनं कादंबांची पिल्लं स्वतः सांभाळली. मोठी झाल्यावर ती तिच्या स्कूटरबरोबर उडायला शिकली. मग वाऱ्याच्या बोगद्यात, चोचीवर मुखवटा आणि अंगावर नळ्या-तारा घेऊन ती एका जागी उडत राहिली, आणि मुखवट्यातून येणारा ऑक्सिजन कमी करत नेला गेला. आधी २१ टक्के, मग १०.५, मग ७. शेवटचा आकडा म्हणजे साधारण ९,००० मीटरची हवा. पक्षी त्यातही उडाले. हृदय मुळीच जास्त धावलं नाही. पक्ष्यांनी ऑक्सिजनचा खर्चच कमी केला, आणि शिरांतलं रक्त दोन अंशांहून जास्त थंड झालं. थंड हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. फुप्फुसातून निघताना थंड असलेलं रक्त तापलेल्या स्नायूत पोचलं की ते तिथे ऑक्सिजन सोडून देतं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मायर अंतराळ स्थानकात गेली आणि १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कोकबरोबर फक्त स्त्रियांचं अंतराळातलं पहिलं पदभ्रमण तिनं केलं.

पक्ष्यांची फुप्फुसंच मुळात वेगळी असतात. आपण त्याच वाटेनं हवा आत घेतो आणि बाहेर टाकतो, म्हणून प्रत्येक श्वासात थोडी शिळी हवा उरते. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते, श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही. आणि वर हिमोग्लोबिन. कादंबाचं आणि सखल प्रदेशात राहणाऱ्या त्याच्या भाऊबंद कलहंसाचं हिमोग्लोबिन शेजारी ठेवलं तर प्रत्येकी ५७४ अमिनो आम्लांच्या रचनेत साखळ्यांवरच्या फक्त चार जागा वेगळ्या निघतात. त्यांतल्या एका साखळीवरची ११९ वी जागा ही खरी महत्त्वाची, असं मॅक्स पेरुट्झनं १९८३ साली दाखवून दिलं. कलहंसात तिथे प्रोलिन असतं, कादंबात अ‍ॅलॅनिन. एवढ्या बदलानं रेणूचे दोन भाग एकमेकांना जरा सैल धरतात आणि ऑक्सिजन जास्त घट्ट धरला जातो.

एवढ्या उंचीवर माणूस कसा दिसतो? २००७ साली डॉक्टरांच्या एका चमूनं एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर थांबून, जाड कपडे सैल करून, एकमेकांच्या मांडीच्या धमनीतून रक्त काढलं. शेर्पानं ते दोन तासांच्या आत ६,४०० मीटरवरच्या तळावर पोचवलं. चार नमुन्यांतल्या ऑक्सिजनच्या दाबाची सरासरी निघाली २४.६ मिलिमीटर पारा. निरोगी माणसात समुद्रसपाटीला हा आकडा शंभराच्या जवळपास असतो. इस्पितळात असा आकडा आला असता तर रुग्ण मरणाच्या दारात आहे असं समजून धावपळ झाली असती. इथे ते लोक आपापल्या पायांवर उभे राहून नमुने घेत होते. तिबेटी लोकांना तर उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहण्याचं वरदान एका जनुकातून मिळालं आहे. ते रक्त फार दाट होऊ देत नाही, आणि ते डेनिसोव्हन नावाच्या नामशेष मानवांकडून आलं, असं २०१४ च्या संशोधनात दिसलं.

सस्तन प्राण्यांत उंचीचा मान मात्र एका उंदराकडे जातो. चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा युयाइयाको हा ज्वालामुखी ६,७३९ मीटर उंच आहे. २०२० च्या सुरुवातीला जे स्टॉर्झ या शास्त्रज्ञानं त्याच्या अगदी शिखरावर, दगडांच्या खाचेतून एक जिवंत उंदीर हातानं पकडला. नंतर आसपासच्या सहा हजार मीटरहून उंच शिखरांवर उंदरांची सुकलेली शवंही मिळाली, म्हणजे तो चुकून वर गेलेला एकटाच नव्हता. झाड नाही, गवत नाही, रात्री कडाक्याची थंडी, आणि समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी ऑक्सिजन. जीवसृष्टी कुठे संपते याच्या आपण आखलेल्या रेषेच्या बऱ्याच वर तो उंदीर राहत होता.

वर जाणाऱ्यांना निदान श्वास तरी घेता येतो. खाली जाणाऱ्यांना तो सोडूनच द्यावा लागतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात मॅकमर्डो इथे जेराल्ड कूयमन हा तरुण वेडेल सीलांच्या मागे लागला होता. समुद्रावर दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ. त्यानं भेगांपासून दूर, मोकळ्या बर्फात एकच भोक पाडलं आणि सीलला तिथे आणून सोडलं. आसपास श्वास घ्यायला दुसरी जागाच नाही, त्यामुळे सील कितीही खोल गेला तरी याच भोकातून डोकं वर काढणार. त्याच्या पाठीवर कूयमननं जे यंत्र बांधलं, त्यात वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं साठ मिनिटांचं टायमर घड्याळ होतं. त्या घड्याळावर फिरणाऱ्या काचेच्या काजळलेल्या चकतीवर दाबाचा काटा रेघ ओढत जाई. सील परत आला की चकती काढायची आणि रेघ वाचायची. त्या रेघेनं सांगितलं, ६०० मीटर खोल, आणि दुसऱ्या एका बुडीत ४३ मिनिटं २० सेकंद. आज समुद्री प्राण्यांवर जी इलेक्ट्रॉनिक यंत्रं लावतात त्यांचा वंश त्या टायमरपासून सुरू होतो.

सीलचं रहस्य फुप्फुसात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बुडी मारण्याआधी तो श्वास सोडतो. त्याच्या एकूण साठ्यापैकी फुप्फुसात राहतात अवघे पाच टक्के, आणि खोल गेल्यावर दाबानं फुप्फुसं मिटूनही जातात. त्यामुळे रक्तात नायट्रोजन विरघळून वर येताना बुडबुडे होण्याचा धोका टळतो. साठा असतो रक्तात दोन तृतीयांश आणि स्नायूंत उरलेला. किलोमागे माणसाकडे २० मिलिलिटर ऑक्सिजन, वेडेल सीलकडे ८७. साडेचारशे किलोच्या प्राण्यात तो चाळीस लिटरच्या घरात जातो. लाल पेशींची जादा कुमक प्लीहेत, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात तिच्यात, साठलेली असते. बुडी सुरू झाली की ती आकुंचन पावते आणि पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियाच्या समुद्रात हजार वर्षांहून जास्त काळ बुड्या मारून जगणाऱ्या बाजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आहे, असं २०१८ मध्ये आढळलं. हेच साधन, माणसाच्या हाती.

स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवतं ते मायोग्लोबिन. जगात प्रथम ज्या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली गेली ते हेच, आणि ते घेतलं होतं स्पर्म व्हेलच्या मांसातून. १९५८ साली जॉन केंड्रूनं ते काम केलं. व्हेल निवडला कारण त्याच्या स्नायूत मायोग्लोबिन इतकं भरलेलं असतं की मांस काळपट दिसतं. १९६२ चं नोबेल केंड्रूला आणि हिमोग्लोबिनवर काम करणाऱ्या पेरुट्झला मिळून मिळालं. पुढे एक कोडं उभं राहिलं. प्रथिनं इतकी दाटीवाटीनं भरली तर ती एकमेकांना चिकटायला हवीत. २०१३ मध्ये उत्तर मिळालं. बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनवर धन विद्युतभार जास्त असतो आणि रेणू एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे नामशेष झालेल्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनचा भार मोजून, ते किती वेळ पाण्याखाली राहत असतील याचाही अंदाज बांधता येतो.

यात सर्वांत पुढे आहे तो क्युव्हिएचा चोचदार व्हेल. कॅलिफोर्नियाजवळ त्याची २,९९२ मीटर खोल बुडी नोंदली गेली. तिथे दाब जवळजवळ तीनशे वातावरणांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप हॅटरसजवळ २३ व्हेलांच्या ३,६८० बुड्यांची नोंद करणाऱ्या अभ्यासात सर्वांत लांब बुडी होती २२२ मिनिटांची. तीन तास बेचाळीस मिनिटं. शरीरातला साठा आणि आकार धरून केलेलं गणित सांगत होतं की, या प्राण्याला ३३ मिनिटांनंतर विना-ऑक्सिजन काम करावं लागेल. तो गणिताच्या जवळजवळ सातपट वेळ खाली राहिला. त्या प्राण्याच्या कानी काही दिवसांपूर्वी नौदलाच्या सोनारचा आवाज पडला होता, हेही इथे सांगायला हवं. विक्रम म्हणून कौतुक करताना ही गोष्ट माझ्या मनाला टोचत राहते.

हा वाढीव वेळ कमाईतून येत नाही, तो खर्च कापून येतो. कापणी सुरू होते हृदयापासून. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर शोषकांनी चिकटणारं यंत्र लावून प्रथमच त्याचे ठोके मोजल्याचं प्रसिद्ध झालं. खोल बुडीत मिनिटाला चार ते आठ, आणि काही वेळा फक्त दोन. दोन ठोक्यांमधे अर्धा मिनिट. त्या काळात रक्त वाहतं ठेवते ती महाधमनीची लवचीक कमान. ठोक्याला ती फुगते आणि मग हळूहळू मिटत रक्त पुढे ढकलते. वर आल्यावर तेच हृदय २५ ते ३७ ठोके मारतं, आणि तिथे ते आपल्या ताकदीच्या टोकावर असतं. यापेक्षा मोठा प्राणी पृथ्वीवर का झाला नाही, याचं एक उत्तर या ३७ च्या आकड्यात असावं, असं संशोधकांना वाटतं. या हृदयाविषयी ‘मोटारीएवढं’ असं सर्रास लिहिलं जातं. २०१४ साली कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाचं हृदय जतन केलं, ते सुमारे १८० किलोचं निघालं. कोकणालाही हा प्राणी परका नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे बेचाळीस फूट लांबीचा निळा देवमासा वाहत आला होता.

दुसऱ्या टोकाला एट्रस्कन चिचुंद्री. आपल्या घराच्या मोरीतून रात्री चीं चीं करत जाणाऱ्या चिचुंद्रीच्याच वंशातली, वजन अवघं दोन ग्रॅम. विश्रांतीत तिचे ठोके मिनिटाला ८३५, आणि कमाल नोंद १,५११. सेकंदाला पंचवीस. एका सेकंदात पंचवीस वेळा हृदय भरायचं आणि रिकामं करायचं. श्वास मिनिटाला ८९४ पर्यंत. शरीर एवढं लहान की उष्णता बाहेर निसटून जाते, म्हणून ती दिवसभर खात राहते, स्वतःच्या वजनाच्या दीड ते दोनपट. दीडशे टनांचा देवमासा तिच्या साडेसात कोटी पट जड. दोन आणि दीड हजार, असे ठोके मारणारी ही दोन्ही हृदयं रचनेनं एकच, चार कप्प्यांची.

चिचुंद्री दोन वर्षं जगली तर तिचे ठोके होतात सुमारे ८८ कोटी. मिनिटाला तीस ठोक्यांचा हत्ती साठ वर्षं जगला तर ९५ कोटी. आकारात आणि वयात एवढं अंतर असूनही अनेक सस्तन प्राण्यांची बेरीज शंभर कोटींच्या आसपास येते. मिनिटाला सत्तर ठोक्यांनी सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाची मात्र अडीचशे कोटींच्या वर.

खर्च कापायचा तो किती? पेरूमधल्या अँडीज पर्वतात ३,८०० मीटर उंचीवरच्या हमिंगबर्डांनी रात्री गुंगीत जाऊन शरीराचं तापमान ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत खाली आणल्याचं २०२० मध्ये नोंदलं गेलं. दिवसा हजार-बाराशे ठोके मारणारं हृदय रात्री पन्नासच्या आसपास उतरतं. सकाळी थरथरत पुन्हा गरम होऊन पक्षी फुलांकडे जातो. बिळांत शेकड्यांनी एकत्र राहणारा पूर्व आफ्रिकेतला केसविरहित नेकेड मोल रॅट पाच टक्के ऑक्सिजनच्या हवेत पाच तास ठेवला तरी त्याला काही झालं नाही. ऑक्सिजन पूर्ण काढून घेतला तरी तो १८ मिनिटांनंतर परत शुद्धीवर आला. त्याच्या पेशी ग्लुकोज सोडून फ्रुक्टोज जाळतात, आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. साधा उंदीर अशा हवेत मिनिटभरात मरतो.

उत्तर युरोपातल्या तळ्यांत राहणारा क्रुशियन कार्प हा मासा तर याहून पुढे गेला आहे. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि मासा महिनोन्‌महिने तसाच राहतो. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवली की आम्ल साचतं. आपले स्नायू जळजळतात तेही अशाच वेळी. हा मासा त्यापासून अल्कोहोल बनवतो आणि ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. २०१७ च्या अभ्यासानुसार त्याच्या रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर जातं. भारतात गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे. काचेच्या भांड्यातला सोनेरी मासा हा त्याचाच नातलग, आणि हे त्यालाही जमतं.

आणि मग एक कुटुंब असं आहे, ज्यानं हिमोग्लोबिनच टाकून दिलं. १९२७ साली दक्षिण अटलांटिकमधल्या बूव्हे बेटाजवळ नॉर्वेच्या डिटलेफ रुस्टाडला एक फिकट मासा मिळाला, कापला तर रक्त पाण्यासारखं. देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचे लोक अशा बिनरक्ताच्या माशाच्या गोष्टी सांगत, आणि योहान रूडनं तरुणपणी त्या ऐकल्या होत्या. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यानं रक्ताची तपासणी छापली. रक्तात लाल पेशी नव्हत्या, हिमोग्लोबिन नव्हतं. प्रौढपणी हिमोग्लोबिनाशिवाय जगणारे कणाधारी प्राणी या आइसफिशखेरीज दुसरे कुणी नाहीत.

ऑक्सिजन त्याच्या रक्तात नुसता विरघळलेला असतो, लाल रक्ताच्या नातलगांच्या तुलनेत दहा टक्क्यांहूनही कमी. उरलेलं काम आकारावर सोपवलेलं आहे. रक्ताचं प्रमाण चौपटीपर्यंत, हृदय मोठं, रक्तवाहिन्या रुंद, खवले नसलेलं अंग. हे सगळं चालतं ते पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असतं म्हणून. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. लिटरभर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये शून्य अंशाला साधारण दहा, आणि तीस अंशाला त्याच्या निम्माच. समुद्रात खारेपणामुळे तो याहूनही जरा कमी. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगभरच्या समुद्रांनी दोन टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन गमावला आहे. हिमोग्लोबिन बनवायचं जनुक हरवून बसलेल्या माशाला ते पुन्हा मिळणार नाही, आणि मला या आकड्याची काळजी वाटते ती याच माशासाठी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचं ‘पोलारस्टर्न’ हे जहाज वेडेल समुद्रात होतं. सुमारे पाचशे मीटर खोलीवर ओढत नेलेल्या कॅमेऱ्यात गोल खळगा दिसला, त्यात अंडी आणि बाजूला राखण करणारा आइसफिश. पुढे आणखी खळगा, आणखी एक. तासन्‌तास तेच. मोजणीनंतर निघालेली वसाहत सुमारे २४० चौरस किलोमीटरची, आणि घरट्यांचा अंदाज ६ कोटी. एका घरट्यात सरासरी १,७०० अंडी. फक्त माशांचं वजन साठ हजार टनांच्या घरात. तिथलं पाणी आजूबाजूपेक्षा सुमारे दोन अंश उबदार आहे, अंड्यांना हवं तेवढंच. त्या भागातल्या वेडेल सीलांवर लावलेल्या यंत्रांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांच्या जवळजवळ नव्वद टक्के बुड्या या घरट्यांच्या पट्ट्यातच असल्याचं दिसलं. रक्त आणि स्नायू ऑक्सिजननं गच्च भरून आलेला सील तिथे खाली जातो, आणि रक्तात हिमोग्लोबिनचा एकही रेणू नसलेला मासा खाऊन परत वर येतो.